किल्ली पाकिटावरच लिहिलेली

सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप येतो: सर्व भाडेकरूंनी आधार, पॅन आणि भाडेकराराची पीडीएफ आजच टाकावी. दहा मिनिटांत वाद पेटतो. एक जण बजावतो, पासवर्ड लावल्याशिवाय काहीही पाठवू नका. दुसरा म्हणतो, व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेडच असतं, वाटेत कुणाला वाचता येत नाही, ही नसती उठाठेव कशाला? तिसऱ्याच्या मते पीडीएफचा पासवर्ड हा निव्वळ देखावा. तो दोन मिनिटांत उडवून देणाऱ्या कितीतरी साइट्स आहेत. हे चालू असेपर्यंत चार जणांनी उघडीबोडकी आधार कार्डं टाकूनही झालेली असतात.

देशपातळीवरही हा वाद याच थाटात झाला आहे. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं: आधारची झेरॉक्स कोणत्याही संस्थेला देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, शेवटचे चारच अंक दाखवणारं मास्क्ड आधार वापरा. गदारोळ झाला आणि २९ मे रोजी केंद्र सरकारने ते पत्रक मागे घेतलं. लोक चुकीचा अर्थ काढतील, नेहमीची खबरदारी घेतली की पुरे, असं कारण दिलं. ही नेहमीची खबरदारी म्हणजे नेमकं काय करायचं, हे सामान्य माणसाला कुणी बसून समजावलं?

पासवर्ड लावावा, असंच माझंही मत आहे. पण ग्रुपवरचे तिघेही कुलपावरून भांडतात, आणि दोष किल्लीत, म्हणजे पासवर्ड म्हणून काय निवडलं जातं त्यात आहे. कागदात किंवा माणसाच्या ओळखपत्रातच सापडणारी, कागदासोबत त्याच वाटेने जाणारी किल्ली ही किल्ली नसतेच. आणि अशी किल्ली चालते हे आपल्याला शिकवलं कुणी? बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांनी, गेली कित्येक वर्षं, दर महिन्याच्या ईमेलमधून.

आधी कुलपाबद्दल थोडं, कारण तिसऱ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पीडीएफला दोन वेगवेगळे पासवर्ड लावता येतात. एक फाइल उघडण्यासाठीचा. दुसरा परवानग्यांचा, म्हणजे छापू नये, मजकूर उचलू नये, बदलू नये एवढ्यासाठीचा. नुसता दुसरा लावला तर फाइल कुणालाही उघडता येते; मनाई पाळायची की नाही हे वाचणाऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या सभ्यतेवर असतं. त्या साइट्स दोन मिनिटांत ‘उडवतात’ तो बहुतेकदा हा. शिवकालीन पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटवत. मजकूर इथे संपला, यापुढे कुणी ओळ घुसडू नये, एवढंच तिचं काम. पत्र वाचण्यापासून ती कुणाला अडवत नव्हती, तसा तिचा दावाही नव्हता. परवानग्यांचा पासवर्ड त्या मुद्रेइतकाही पक्का नाही, आणि लोक त्याला तिजोरी समजतात. एक्सेलमधलं ‘प्रोटेक्ट शीट’ याच जातीचं. ते चुकून सूत्र पुसलं जाऊ नये म्हणून असतं, पगारपत्रक लपवायला नव्हे.

उघडण्याच्या पासवर्डची गोष्ट वेगळी. त्याने मजकूर खरोखर एन्क्रिप्ट होतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलतो. नव्वदच्या दशकातली ४० बिटांची पद्धत (बिट म्हणजे कुलपाच्या जाडीचं माप समजा) आज कुचकामी आहे. २०१७ च्या पीडीएफ २.० या मानकातली २५६ बिटांची एईएस पद्धत भक्कम आहे. मधला एक टप्पा मात्र सांगण्यासारखा आहे. २००८ मध्ये ॲक्रोबॅट ९ या पीडीएफच्या सॉफ्टवेअरने २५६ बिटांचं एन्क्रिप्शन आणलं, पण पासवर्ड बरोबर की चूक हे तपासण्याची रीत इतकी हलकी ठेवली, की अंदाज लावून फोडणाऱ्याला आधीच्या १२८ बिटांच्या फायलींपेक्षा ती सोपी गेली. पुढच्या आवृत्तीत ती रीत बदलावी लागली. कुलूप दुप्पट जाड झालं आणि दार आणखी लवकर उघडू लागलं, कारण चोराने कुलपाला हातच लावला नाही. तो किल्ल्या घालून पाहत होता.

आता किल्ली. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड काय? नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. आयकर खात्याच्या नोटिसीचा? पॅन स्मॉल अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख. ई-पॅनचा? जन्मतारीख. अनेक बँकांच्या खातेउताऱ्यांचा? जन्मतारीख, ग्राहक क्रमांक किंवा त्यांचे तुकडे. हे सूत्र ज्या ईमेलला फाइल जोडलेली असते, बहुधा त्याच ईमेलमध्ये ठळक अक्षरांत छापलेलं असतं.

साधा हिशेब करू. शंभर वर्षांतल्या सगळ्या जन्मतारखा मोजल्या तर होतात ३६,५२५. संगणकाने सेकंदाला हजार तारखा घालून पाहिल्या तर ३७ सेकंदांत यादी संपते. सेकंदाला अवघ्या दहा धरल्या, तरी तासाभरात. ई-आधारचं सूत्र वरवर बरं दिसतं: चार अक्षरांचे ४,५६,९७६ प्रकार गुणिले शंभर वर्षं, म्हणजे साडेचार कोटींवर शक्यता. पण फाइल कुणाची आहे हे माहीत असेल तर उरतात फक्त जन्मसालं. जास्तीत जास्त शंभर. ती तर हाताने टाइप करूनही संपतात. आणि पॅन कार्डाकडे एकदा नीट बघा. पॅन क्रमांक आणि जन्मतारीख दोन्ही त्याच चतकोर प्लास्टिकवर छापलेली आहेत. ज्याच्याकडे तुमच्या पॅनची झेरॉक्स, त्याच्याकडे तुमच्या प्राप्तिकराच्या सगळ्या बंद फायलींची किल्ली. चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात त्या महाराष्ट्रात जन्मतारखेला गुपित मानायचं, हा विनोद कुणाला सुचला असेल?

यावर कुणी म्हणेल, एटीएमचा पिन तरी कुठे मोठा असतो? चारच आकडे, दहा हजार शक्यता, आणि त्यावर देशाचा व्यवहार चालतो. मुद्दा रास्त आहे, आणि उत्तर त्यातच आहे. एटीएमच्या मागे मोजणारा बसलेला असतो. काही चुकांनंतर बँक कार्ड बंद करते. फाइलच्या मागे कुणीही नसतं. तिची प्रत ज्याच्या हाती लागली तो आपल्या घरी, आपल्या सवडीने, तीनदा नव्हे तर तीन कोटी वेळा प्रयत्न करू शकतो. फाइल कुणाला कळवत नाही, बंद पडत नाही. म्हणून फायलीचा पासवर्ड एटीएमच्या पिनपेक्षा कितीतरी लांब हवा.

पानिपतानंतर उत्तरेकडून दक्षिणेत येणारं सावकाराचं पत्र वाटेत पेशव्यांच्या हाती लागलं, ही गोष्ट मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, चांदी-तांब्याची गणती नाही, अशा अर्थाचा तो मजकूर; मोहरांचा आकडा सांगणारागणिक बदलतो. ही सांकेतिक भाषा होती. पण नानासाहेबांना ती उलगडायला कोणी तज्ज्ञ बोलवावा लागला नाही. पानिपतावर कोण दोघे गेले होते हे ज्याला माहीत, त्याला विश्वासराव आणि भाऊसाहेब दिसणारच. संकेत परक्यासाठी होता. माहितगारापुढे तो टिकण्यासारखा नव्हताच. नाव आणि जन्मसालाचा पासवर्ड हा असाच. अनोळखी माणसाला तो अडवेल. पण तुमचं आधार वापरून सिमकार्ड किंवा कर्ज काढू पाहणारा, हिश्शावरून भांडणारा चुलत भाऊ, नोकरी सोडून गेलेला एजंट यांतला कोण तुम्हाला अनोळखी आहे?

संस्थांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती लंगडी नाही. कोट्यवधी ग्राहकांना दरमहा उतारे पाठवायचे, त्यांत सत्तरीचे आजी-आजोबा आहेत, पासवर्ड विसरला की फोन शाखेत. ईमेलच्या पत्त्यात एक अक्षर चुकलं आणि उतारा तिऱ्हाइताकडे गेला, तर हे सूत्र त्याला तिथल्या तिथे थोपवतं. हा उपयोग खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण यावर उपाय नाही असं म्हणणं खोटं आहे. म्युच्युअल फंडांचं एकत्रित खातेपत्रक रजिस्ट्रारच्या, म्हणजे फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या, साइटवरून मागवताना पासवर्ड आपला आपण ठरवता येतो, आणि मग त्याच पासवर्डची फाइल ईमेलवर येते. हे जर गुंतवणूकदारांना जमतं, तर बचत खातेदाराला का जमू नये? ज्याला नको असेल त्याच्यासाठी जुनं सूत्र राहू द्या. १८८३ मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्सने लष्करी सांकेतिक लेखनाबद्दल लिहिताना नियम घालून दिला, की पद्धत शत्रूला माहीत आहे असं धरूनच चाला. गुपित फक्त किल्लीत असू द्या. आपल्याकडे किल्ली बनवायची पद्धतच ईमेलमध्ये छापून येते.

दुसऱ्या गृहस्थांचा मुद्दा व्हॉट्सॲपचा. २०१६ पासून ते एका फोनपासून दुसऱ्या फोनपर्यंत एन्क्रिप्टेड आहे, हे बरोबर. पण ते वाटेचं संरक्षण झालं. फाइल पोचली की ती समोरच्या फोनमध्ये उघडी पडते, आपोआप डाउनलोड होते, जोडलेल्या लॅपटॉपवरही उतरते, बॅकअपमध्ये जाते (बॅकअपचं एन्क्रिप्शन वापरणाऱ्याला स्वतः चालू करावं लागतं), आणि बोटाच्या एका टिचकीने पुढे ढकलता येते. टपालाची गाडी चिलखती असली म्हणून घरासमोरच्या उघड्या पेटीत पडलेलं पत्र सुरक्षित होत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र ग्रुपवर कुणी घेतलाच नाही. घेणाऱ्याने पासवर्ड टाकून फाइल उघडली, की पुढे काय? झेरॉक्सच्या दुकानात बघा. फाइल दुकानाच्या ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवली जाते. काउंटरमागचा मुलगा ओरडून विचारतो, ‘पासवर्ड काय?’ ग्राहक रांगेतल्या सहा जणांसमोर तो मोठ्याने सांगतो. प्रिंट निघते, दहा रुपये दिले जातात, आणि फाइल ‘डाउनलोड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये शेकडो आधार कार्डांच्या शेजारी पडून राहते. कर्जाचा एजंट तर सरळ सांगतो, पासवर्ड काढून पाठवा, आमचं पोर्टल बंद फाइल घेत नाही. खोटं नाही ते; पुष्कळ पोर्टलं घेत नाहीत. मग पासवर्डने साधलं काय?

साधलं ते हे की धोका एका माणसापुरता, एका दिवसापुरता उरला. घेणाऱ्यापासून वाचवणं हे पासवर्डचं कामच नव्हे. त्याला तर आपणच वाचायला देतोय. पासवर्ड राखतो त्या बाकीच्या प्रती: तुमच्या ‘सेन्ट’मधली, त्याच्या इनबॉक्समधली, चुकून दुसऱ्याच नंबरला गेलेली, हरवलेल्या फोनमधली. ईमेल खातं पाच वर्षांनी कुणी फोडलं, तर त्याच्या हाती बंद फाइल लागते की उघडी, एवढाच तो फरक. दुकानदाराचा प्रश्न वेगळ्या उपायाने सुटतो. समोर उभं राहून फाइल पुसायला लावा, ‘शिफ्ट’ दाबून, म्हणजे ती रीसायकल बिनमध्ये जाणार नाही. स्वतःचं व्हॉट्सॲप तिथे उघडलं असेल तर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून ते बंद करा. आणि अशा ठिकाणी पूर्ण आधार न्यायचंच कशाला?

ब्रिटनमध्ये २००७ च्या ऑक्टोबरात जे घडलं ते इथे आठवावं. तिथल्या कर खात्याने बालभत्त्याची सगळी नोंदवही दोन सीडींवर भरून लेखापरीक्षकांकडे साध्या कुरियरने पाठवली. सीडी पोचल्याच नाहीत. अडीच कोटी माणसांची नावं, पत्ते, जन्मतारखा, बँक खाती त्यांत होती. सीडींना पासवर्ड होता. मजकूर एन्क्रिप्ट केलेला नव्हता. अर्थमंत्र्यांना २० नोव्हेंबरला संसदेत कबुली द्यावी लागली, खात्याच्या प्रमुखाने राजीनामा दिला. पण यातला सर्वांत बोलका तपशील पासवर्डचा नाहीच. लेखापरीक्षकांनी आधीच सांगितलं होतं, बँकेचे तपशील आम्हाला नकोत, ते काढून द्या. खात्याने ते काढले नाहीत, कारण त्याला जादा खर्च आला असता. जी माहिती पाठवलीच नसती, तिला कुलूप लावायची गरजच पडली नसती.

म्हणून कुलपाआधी कात्री. मास्क्ड आधार प्राधिकरणाच्याच साइटवरून, एका चौकोनावर खूण केली की मिळतं. बारा आकडे मागणाऱ्याला ते कशासाठी हवेत हे विचारण्यात संकोच नको. हॉटेलच्या काउंटरला त्या बारा आकड्यांशी काय देणंघेणं? जुन्या सरकारी कारकुनांची एक सवय मला आवडते: झेरॉक्सवर आडवी रेघ ओढून ‘फक्त गॅस जोडणीसाठी’ आणि तारीख लिहायची. पीडीएफवरही हे करता येतं. नको तो मजकूर झाकताना मात्र सावध राहा. पीडीएफवर काळा चौकोन काढला तर बहुतेकदा अक्षरं खाली तशीच राहतात. माऊसने निवडून दुसरीकडे चिकटवली की वाचता येतात. झाकल्यावर त्या पानाची प्रतिमा बनवा आणि तीच पाठवा.

आता प्रत्यक्ष कुलूप. लिब्रेऑफिसमध्ये ‘एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ’ निवडा, ‘सिक्युरिटी’ या टॅबवर ‘सेट पासवर्ड्स’, आणि उघडण्याच्या पासवर्डचा रकाना भरा. परवानग्यांचा रकाना भरून समाधान मानू नका. वर्डमध्ये पीडीएफ म्हणून साठवताना ‘ऑप्शन्स’मध्ये तळाशी पासवर्डची खूण असते, तिथे सहा ते बत्तीस अक्षरं चालतात. मूळ वर्ड किंवा एक्सेल फाइल पाठवायची असेल तर ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’. ऑनलाइन मोफत कुलूप लावून देणाऱ्या साइटवर हे काम कधीही करू नका. पगाराची स्लिप लपवण्यासाठी ती आधी एका अनोळखी सर्व्हरला उघडी द्यायची, यात सुरक्षितता कुठे बसते?

आयत्या वेळी फजिती करणारी एक गोष्ट: ज्या फाइलवर डिजिटल सही आहे, उदाहरणार्थ ई-आधार किंवा डिजिटल सहीचा सातबारा, तिला वरून स्वतःचा पासवर्ड लावून नव्याने साठवलं की सही अवैध होते, कारण सही फायलीच्या जवळपास प्रत्येक बाइटवर असते. अशी फाइल न बदलता सेव्हन-झिप या फायलींचा गठ्ठा बांधणाऱ्या प्रोग्राममध्ये घाला, ‘सेव्हन-झेड’ प्रकार आणि एईएस-२५६ निवडा, आणि ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’वर खूण करा. साध्या झिपमध्ये मजकूर बंद होतो पण फायलींची नावं उघडी राहतात. ‘घटस्फोट अर्ज अंतिम’ हे नाव वाचल्यावर आतलं वाचायची कुणाला गरज? अडचण अशी की असा गठ्ठा प्रत्येक फोनवर उघडत नाही. घेणारा तंत्राला बुजणारा असेल तर पीडीएफचाच पासवर्ड बरा. सातबारा तर मुळात कुणालाही पाहता येणारा दस्त आहे, त्याला कुलूप घालण्यात अर्थ नाही.

किल्ली कशी असावी? शब्दकोश चार वेळा डोळे मिटून उघडायचा आणि बोट पडेल तो शब्द घ्यायचा: पखाल, उंबरा, गोफण, तिखट. हे नमुन्याचे, वापरू नका. फासे टाकून शब्द निवडण्यासाठी केलेल्या ७,७७६ शब्दांच्या यादीतून चार उचलले तरी साडेतीन हजार लाख कोटींहून अधिक जोड्या होतात. सेकंदाला हजार प्रयत्नांनी त्या संपायला लाखावर वर्षं लागतील. अट एकच, शब्द खरोखर यदृच्छेने आलेले हवेत. म्हण, अभंगाची ओळ, मुलीचं नाव चालणार नाही. शब्द रोमन लिपीत, सगळे स्मॉल अक्षरांत लिहा, कारण जुन्या पद्धतीच्या पीडीएफना देवनागरी पासवर्ड पचत नाही. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो आणि शब्दानंतर रिकामी जागा टाकतो; ‘पासवर्ड चालत नाही’ या तक्रारींमागे बऱ्याचदा तेवढंच असतं. फाइल ईमेलने गेली तर किल्ली फोनवर बोलून द्या. काही विद्यापीठं प्रश्नपत्रिका आधी बंद पाठवतात आणि पासवर्ड पेपरच्या थोडा वेळ आधी देतात, ते यासाठीच. पाठवण्यापूर्वी बंद केलेली प्रत दुसऱ्या फोनवर उघडून बघा. दोन्ही प्रतींची नावं सारखी असतात आणि गडबडीत उघडीच पाठवली जाते.

उरला विसरण्याचा आक्षेप. चांगल्या एन्क्रिप्शनला ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण नसतं. वडिलांच्या मागे विम्याची कागदपत्रं उघडेनात म्हणून हवालदिल झालेली घरं हा काही कल्पनेतला धोका नव्हे. पण गोंधळ होतो तो मूळ प्रतीला कुलूप घातल्यामुळे. कुलूप पाठवायच्या प्रतीला घालायचं असतं. मूळ घरी राहते, पेनड्राइव्हवर किंवा कपाटात, आणि तिचा ठावठिकाणा घरातल्या एकाला तरी माहीत असतो.

सोसायटीचे सेक्रेटरी वाईट माणूस नाहीत. ते फुकट राबतात आणि वरून शिव्या खातात. पण तीन वर्षांनी नवे सेक्रेटरी येतील, जुन्यांचा फोन नातवाकडे गेम खेळायला जाईल, आणि त्या फोनमध्ये चाळीस बिऱ्हाडांची आधार कार्डं असतील. पुढच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव मांडता येईल: कागद ग्रुपवर मागवायचे नाहीत, मास्क्ड आधारच घ्यायचं, पॅन कशासाठी हवं ते लेखी सांगायचं, काम झाल्यावर फाइल पुसल्याची नोंद रजिस्टरात करायची. पार्किंगचा विषय निघण्याआधी तो घ्यावा, नंतर कोरम उरत नाही.